सरपंचांचा लिव्हरचा दाखला

आमच्या विश्नेनी गावात माणसाची किंमत त्याच्या तळघरावरून ठरते. वरचं घर गळकं असलं तरी चालतं, पण खाली पिंपं हवीत आणि पिंपांत स्वतःच्या मळ्यातली वाइन हवी. सरपंच पोर्फिरींच्या तळघरात चौदा पिंपं होती, म्हणून ते चौथ्यांदा निवडून आले होते. हे मी कुचकेपणानं सांगत नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी त्या तळघरात मीही होते, आणि कोरड्या घशानं परतले नव्हते.

मी झिनोविया, इथल्या आरोग्य केंद्रातली नर्स. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, तोही पाऊस नसेल तर. बाकी सहा दिवस गावाचं नाक, कान, घसा आणि पोट माझ्याकडे असतं. माझ्या दोन्ही मुली इटलीत परक्या म्हाताऱ्यांची सेवा करतात आणि मी इथे आपल्या म्हाताऱ्यांची. मोल्दोवात हे असंच चालतं.

कोरोना आला त्या वसंतात सरपंचांनी पंचायतीच्या पायरीवर उभं राहून गावाला धीर दिला. "हा विषाणू घशात बसतो," ते म्हणाले, "आणि घशातून काय जातं? आपली वाइन! तो बसणार कुठे?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या दहा महिन्यांत गावात एकोणीस माणसं गेली. प्रत्येक नवव्या-चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात सरपंच ग्लास उचलून सांगायचे, की गेलेला माणूस चांगला होता, पण प्यायला जरा कमी पडला.

गावात न पिणारा पुरुष एकच होता. हरालाम्बी, म्हणजे आमचा लाम्बीदादा, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. वय एकसष्ट. तो सरपंचांच्या बायकोचा, ओलिम्पियाचा सख्खा भाऊ. पस्तिशीत त्याच्या रक्तात काविळीचे दोन विषाणू सापडले, एक ब आणि त्याच्या पाठीवर बसून येणारा दुसरा, ड. लहानपणी एकच सुई उकळून उकळून सगळ्या शाळेला टोचायचे, त्यातलीच ही भेट असावी असं मोठे डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून लाम्बीदादानं थेंबाला हात लावला नाही. तरी लिव्हर हळूहळू कडक होत गेलं. त्याला सिरॉसिस म्हणतात.

गावाला हे काही पटायचं नाही. सिरॉसिस न पिणाऱ्याला होतो, हा देवाचा अन्याय नसून न पिणाऱ्याचाच काहीतरी दोष असणार.

"लाम्बी, तुझं लिव्हर गंजलं, दुसरं काही नाही," सरपंच भर पंगतीत म्हणायचे. "सव्वीस वर्षं त्याला तेलपाणी केलं नाहीस. माझं बघ! लोखंड आहे!" आणि स्वतःच्या पोटावर थाप मारायचे. पोट ढोलासारखं वाजायचं. गाव हसायचं. लाम्बीदादा क्लॅरिनेटची जीभ ओली करत म्हणायचा, "लोखंडच गंजतं, पोर्फिरी." पण तोवर पंगत पुढच्या ग्लासावर गेलेली असायची.

एकवीस सालच्या मार्चमध्ये लस आली. पहिल्या फेरीत गावाला एक बाटली, म्हणजे दहा डोस, एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी मिळणार होते. जिल्ह्यानं कळवलं, की जुने गंभीर आजार असलेल्यांना आधी द्या. मी यादी केली. साखरवाले तीन, हृदयवाले चार, दम्याच्या दोघी, आणि दहावा लाम्बीदादा. खरं तर तो पहिला हवा होता. लिव्हरवाल्याला कोरोना झाला तर फुप्फुसाबरोबर लिव्हरही कोसळतं. पोटात पाणी भरतं, शुद्ध जाते. हे मला माहीत होतं. पण मी नावं घरांच्या क्रमानं लिहिली आणि तो गावाच्या टोकाला राहतो.

त्यात सरपंचांच्या मुलीचं लग्न ठरलं, इटलीत, पादोवाला, जून महिन्यात. लस घेतलेल्यांना सीमेवर कमी त्रास होणार, अशी बातमी आली. ज्यांच्या घशात विषाणू बसू शकत नव्हता, ते सरपंच दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलासमोर बसले आणि त्यांनी एक कागद पुढे सरकवला. जिल्ह्याच्या गावातल्या डॉक्टर एमानोइलची सही आणि शिक्का. डॉक्टर एमानोइल म्हणजे सरपंचांचा मावसभाऊ. कागदावर लिहिलं होतं: यकृताचा दीर्घकालीन आजार.

"सरपंच, तुम्हाला लिव्हरचा आजार?"

"कागदावर," ते म्हणाले. "हृदयाचा घेतला असता, तर शिकारीच्या बंदुकीचा परवाना गेला असता. साखरेचा घेतला तर ओलिम्पिया केक बंद करेल. लिव्हर बरं. ते कुणाला दिसतं?"

"पण दहाच डोस आहेत. कुणाला काढू?"

सरपंचांनी यादी हातात घेतली, शेवटच्या नावावर बोट ठेवलं. "हा कुठे जातो-येतो? घरात बसून पिपाणी फुंकतो. पुढच्या फेरीत घेईल. आणि झिनाबाई, आरोग्य केंद्राचं छप्पर या उन्हाळ्यात करून टाकू म्हणतो मी."

छप्पर तीन वर्षं गळत होतं. मी पेन घेतलं आणि लाम्बीदादाचं नाव खोडलं. सरळ रेघ ओढली. नंतर त्याच्या घरी जाऊन सांगितलं, "दादा, वरून यादी बदलून आली."

तो अंगणात अक्रोडाच्या झाडाला चुना लावत होता. "माझ्या जागी कोण?"

"सरपंच. लिव्हरच्या दाखल्यावर."

त्यानं कुंचला बादलीत ठेवला आणि इतका हसला, की त्याला फाटकाला धरावं लागलं. "तीस वर्षांत त्या माणसानं माझ्याकडचं काही मागितलं नव्हतं," तो म्हणाला. "मागितलं ते हेच!"

मग हसू ओसरलं. "पुढची फेरी कधी?"

"महिन्याभरात."

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा चुना लावायला लागला. मी परत फिरले.

बावीस मार्चला आमच्याकडे चाळीस हुतात्म्यांचा सण असतो. त्या दिवशी बायका मध-अक्रोड लावून आठच्या आकड्यासारखे गोड पाव करतात आणि पुरुष हुतात्म्यांच्या स्मरणार्थ चाळीस ग्लास वाइन पितात. चाळीस संत हिमात गोठून मेले. त्यांच्यासाठी एवढं तर केलंच पाहिजे. रोगामुळे त्या वर्षी जमावाला बंदी होती, म्हणून सरपंचांनी सण तळघरात घेतला. जमिनीखालच्या जमावाबद्दल आदेशात काही लिहिलेलं नव्हतं. बत्तीस माणसं, एक दार, खिडकी नाही. मास्क सगळ्यांनी आणले होते आणि हनुवटीला लावले होते. मी अकराव्या ग्लासावर उठले. माझ्या मते अकरा हा संयम होता.

ओलिम्पिया दुसऱ्या दिवशी भावाला पाव द्यायला गेली. त्यानं फाटक उघडलं नाही.

"पाव फाटकावर ठेव आणि जा," तो म्हणाला.

"अरे, मी बहीण आहे तुझी!"

"म्हणून तर पाव घेतोय. दुसऱ्या कुणाचा घेतला नसता."

ती रडत माझ्याकडे आली, की भाऊ माणसांतून उठला. चार दिवसांनी तीच धावत आली, की नवरा तापला.

मी गेले तेव्हा सरपंच पलंगावर बसून गरम वाइनमध्ये मिरपूड घालून पीत होते. बाजूला तापाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं.

"किती घेतल्या?"

"ताप जितका, तितक्या."

"वाइनबरोबर? सरपंच, या दोन गोष्टी एकत्र लिव्हरला मारतात."

"माझ्या लिव्हरला? ते लोखंड आहे."

"कागदावर तर आजारी आहे."

"कागदाचं कागदाला बघू दे," म्हणाले आणि खोकले.

मी चाचणीचा विषय काढला. ते म्हणाले, चाचणी केली तर रोग निघेल, रोग निघाला तर गुरुवारची लस मिळणार नाही. मी घरी आले.

गुरुवारी सकाळी आरोग्य केंद्रासमोर नऊ म्हातारी माणसं बाकावर बसली होती. थंड डब्यातून बाटली आली, मी ती उघडली. उघडल्यावर सहा तासांत संपवायची असते. सहा-सात जणांना टोचून झालं आणि सरपंच आले. सूट, टाय, आणि चेहऱ्यावर बायकोची पावडर. दारातून टेबलापर्यंत चालताना दोनदा भिंतीला टेकले.

"आधी मी. मला पंचायतीत काम आहे."

मी थर्मामीटर लावला. एकोणचाळीस सेल्सियस आणि वर थोडा.

"बाहेर ऊन आहे," ते म्हणाले.

बाहेर धुकं होतं. मी बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं. सत्त्याऐंशी.

"यंत्र बिघडलंय."

मी यंत्र बाकावरच्या म्हातारीच्या बोटाला लावलं. सत्त्याण्णव. म्हातारी ब्याऐंशी वर्षांची, एका डोळ्यानं आंधळी. तिनं तो एक डोळा सरपंचांवर रोखला आणि म्हणाली, "पोर्फिरी, तू पिवळा का दिसतोस रे?"

"पडद्याचा उजेड आहे."

"पडदा निळा आहे," म्हातारी म्हणाली.

मी त्यांना खिडकीकडे वळवलं, पापणी खाली ओढली. डोळ्याचा पांढरा भाग भोपळ्यासारखा पिवळा झाला होता. रुग्णवाहिकेला फोन केला. ते टोच, टोच म्हणून माझ्या हातातल्या सुईकडे झेपावले आणि खुर्चीतच घसरले. खोलीतल्या सगळ्यांना मी बाहेर काढलं. खिडक्या उघडल्या, टेबल धुतलं आणि राहिलेल्यांना अंगणात टोचलं.

बाटलीत एक डोस उरला होता. संपवायला वेळ पावणेतीन तास. मी लाम्बीदादाला फोन केला. तो सायकलवर वीस मिनिटांत आला, दोन मास्क लावून. शर्टाची बाही त्यानं घरूनच वर करून आणली होती.

"सरपंचांचाच डोस आहे हा," मी म्हटलं.

"माझाच आहे," तो म्हणाला. "जरा फिरून आला." बाही खाली घेताना त्यानं विचारलं, "जगेल का तो?"

मी रिकामी बाटली डब्यात टाकली.

पुढचं मला वार्वारानं सांगितलं. ती माझी शाळेतली मैत्रीण, जिल्हा रुग्णालयात कोरोना वॉर्डात नर्स. रोज दुपारी फोन करायची. सरपंच दाखल झाले तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांचे कागद चाळले. खिशातल्या कागदांत दाखलाही होता.

"तुम्हाला लिव्हरचा जुना आजार आहे."

"मला? मुळीच नाही," मास्कमधून सरपंच.

"मग हा दाखला?"

"तो असाच आहे. कामापुरता."

"कामापुरतं लिव्हर?" बाईंनी विचारलं. "म्हणजे दाखला खोटा आहे? तसं लिहून द्या. मी वर कळवते, सही करणाऱ्या डॉक्टरांचं नावही कळवते."

सरपंचांनी विचार केला. मावसभावाची नोकरी, स्वतःची खुर्ची, वर्तमानपत्र. मग डोळे मिटून म्हणाले, "आहे. आजार आहे. लहानपणापासून आहे."

झालं. त्यांना लिव्हरवाल्याचे उपचार सुरू झाले. मीठ बंद. तापाची गोळी मोजून. दारूचा तर विषयच नाही. ओलिम्पियानं लोणच्याच्या बरणीत लपवून पाठवलेली वाइन वार्वारानं संडासात ओतली. सरपंच ओरडायचे, "एका निरोगी माणसाचा छळ चाललाय इथे!"

तिसऱ्या दिवशी पोटाची सोनोग्राफी झाली. तरुण बाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. लिव्हर आकसलेलं, गाठी गाठी झालेलं. प्लीहा दुप्पट. पोटात पाणी.

"किती दिवसांचं असेल?" वार्वारानं विचारलं.

"दहा-बारा वर्षांचं तरी. इतके दिवस गुपचूप चाललं होतं. आता कोरोनानं धक्का दिला."

ढोलासारखं वाजणारं ते पोट निम्मं पाण्याचं होतं. ही बातमी जिल्ह्याच्या गावात पोचली तेव्हा डॉक्टर एमानोइल कॉलर ताठ करून फिरायला लागला. "बघा," सगळ्यांना सांगायचा, "हात न लावता, यंत्राशिवाय, नुसत्या नजरेनं मी निदान केलं होतं. दाखला आहे माझा!" मी ऐकते, त्याच्याकडे अजूनही लांबून रुग्ण येतात.

पाचव्या दिवशी सरपंचांची शुद्ध गेली. एकदम नाही, आधी ते फार कार्यक्षम झाले. लिव्हर विष गाळेनासं झालं की ते डोक्यात चढतं. त्यांनी वॉर्डात पंचायतीची सभा बोलावली. सलाइनच्या खांबाला उपसरपंच नेमलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला, जो स्वतः मोठ्या कष्टानं श्वास घेत होता, कंपोस्ट खड्ड्याबद्दल जाब विचारला. पंचायतीच्या ट्रॅक्टरचं डिझेल कुणाच्या मळ्यात जातं, हेही त्यांनी सभेला खुलं करून सांगितलं. स्वतःच्याच मळ्यात.

"आणि मग," वार्वारा फोनवर हसत हसत सांगत होती, "मग उठून बसला आणि ओरडला, 'यादीतून लाम्बीचं नाव कुणी खोडलं? ज्यानं खोडलं त्यानं उभं राहावं!' आम्ही सगळे पोट धरून हसलो. झिना? ऐकतेस ना?"

"ऐकतेय," मी म्हटलं. मी आरोग्य केंद्रात उभीच होते. बादलीत छपरातून पाणी ठिबकत होतं.

अशा रुग्णांना एक गोडसर औषध देतात, जे पोट साफ करून डोक्यातलं विष खाली उतरवतं. दोन दिवसांत सरपंच संडासात जास्त आणि खाटेवर कमी होते, आणि सभा बरखास्त झाली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, मी काही बोललो का? वार्वारा म्हणाली, विशेष नाही. उपसरपंच अजून खाटेशेजारी उभाच होता.

ते पाच आठवड्यांनी घरी आले. वीस किलो गेले होते, सूट खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. लेकीचं लग्न त्यांनी जूनमध्ये फोनच्या पडद्यावर पाहिलं. पण त्याआधी, मे महिन्यात, एका सकाळी मी लाम्बीदादाच्या ओट्यावर बसून त्याचं रक्त काढत होते, तेव्हा फाटक वाजलं. सरपंच. हातात रुग्णालयातला आहाराचा कागद.

"ये," लाम्बीदादा म्हणाला. "बस. लांब बस."

सरपंच बसले. मग म्हणाले, "मीठ न घालता मामालिगा कसा खातोस?"

मामालिगा म्हणजे आमचा मक्याच्या पिठाचा गोळा. तो मीठ आणि खारवलेलं चीज घालूनसुद्धा कसाबसा उतरतो.

"वाईट लागतो," लाम्बीदादा म्हणाला. "वाईट लागतो आणि खातो."

"सव्वीस वर्षं?"

"सव्वीस."

सरपंचांनी कागदाची घडी घातली, उलगडली. "सोमवारी स्मशानात अख्खं गाव जमणार. प्रत्येकजण ग्लास पुढे करणार. नाही म्हटलं तर विचारतील. काय सांगू? तू काय सांगतोस?"

"मी खरं सांगतो. हेपॅटायटिस आहे म्हणून."

"मग?"

"मग ते भरलेला ग्लास हातात देतात. तू स्वतः किती वेळा दिलायस, आठवतंय?"

सरपंच कानापर्यंत लाल झाले. पिवळ्यावर लाल, बघवत नव्हतं. लाम्बीदादा मग म्हणाला, "लग्नात मी खिडकीशी बसायचो. खिडकीत कुंड्या असतात. विश्नेनीतली जिरेनियमची फुलं इतकी टपोरी का, असं बायका विचारतात ना, ती माझी मेहनत. पण स्मशानात तर आणखी सोपं आहे. मेलेल्यांना नैवेद्य म्हणून ओत. प्रत्येक थडग्यावर."

आमच्याकडे ईस्टरनंतरच्या आठवड्यात मृतांचं ईस्टर असतं. थडग्यांवर चादरी अंथरून जेवतो, पितो, थोडी वाइन मातीवर शिंपडतो. थोडी. त्या सोमवारी सरपंच थडग्यामागून थडगं फिरले. कुणी ग्लास दिला की छातीवर क्रॉसची खूण करायचे, मेलेल्याचं नाव घ्यायचे आणि अख्खा ग्लास मातीत रिकामा करायचे. वर्षभरातली एकोणीस थडगी त्यांनी एकही न चुकवता भिजवली. बायका डोळे पुसायला लागल्या. "आजारातून उठून आला, आणि बघा, आधी मेलेल्यांना पाजतोय!"

मी आणि लाम्बीदादा त्याच्या आईच्या थडग्याशी ईस्टरची लाल अंडी सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "दादा, यादी वरून बदलून आली नव्हती. नाव मी खोडलं होतं."

"माहीत आहे. यादी दारावर लावली होतीस. तुझी रेघ ओळखतो मी."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाशी बोलणार?" त्यानं अंड्याला मीठ न लावता चावा घेतला. "गावात शुद्धीवर कोण होतं?"

मी पुढच्या आठवड्यात जिल्ह्याला गेले आणि माझंही रक्त तपासायला दिलं. अहवाल काय आला ते माझं मी बघेन. अकरा ग्लासांना मी आता संयम म्हणत नाही, एवढं सांगते.

आता दर तीन महिन्यांनी सरपंच आणि लाम्बीदादा एकाच गाडीतून जिल्हा रुग्णालयात जातात आणि जाताना-येताना भांडतात. छप्पर झालं, अर्धं. आणि गावानं या सगळ्यातून काढायचा तो धडा काढला. परवा दुकानात दोघं बोलत होते. एकजण म्हणाला, "पोर्फिरीसारखा लोखंडी माणूस! त्या रुग्णालयात पाच आठवडे थेंब दिला नाही त्याला. मग लिव्हर जाणार नाही तर काय होईल?"

दुसऱ्यानं दुःखानं मान हलवली, आणि दोघं तळघराकडे वळले.